साक्षीवरचं गवत

पापाटोएटो, ऑकलंड
रविवार, २९ जानेवारी २००६

सौ. मंदाअक्कास,

प्रकाशचा नमस्कार. दाजींना नमस्कार, सिद्धीला पापी. मी बरा आहे. तुम्ही सगळी बरी असाल असं धरून चालतो, कारण तसं धरल्याशिवाय एवढ्या लांबून पत्राला हातच लागत नाही. अक्षर फिसकटलेलं दिसेल. तुला माहीतच आहे, डावरा हात लिहीत पुढं जातो आणि लिहिलेलं पुसत जातो. चौथीत गुरुजी त्यासाठीच हातावर पट्टी मारायचे. पाचवीत गेलोच नाही, म्हणून हात वाचला.

तुझं पत्र मिळालं. आबांचं उजवं अंग गेलं, बोलणं अडखळतं, सुरेखाकाकी भरवते तर निम्मा घास बाहेर येतो, हे मी तीनदा वाचलं. आणि त्याखालचं चारदा. तू सिद्धीला घेऊन वाडीपर्यंत गेलीस. काकीनं आतून आबांचा निरोप आणला, ‘एकटी येणार असलीस तर ये, नवऱ्याचं नाव या घरात काढायचं नाही.’ दाजी तिकडं एसटीच्या थांब्यावर बसलेले. तू दारातून मागं फिरलीस. सिद्धीनं विचारलं, ‘आजोबा झोपलेत का?’ आणि तू हो म्हणालीस.

अक्का, वेळ जाऊ दे. आजारी माणूस हट्टी होतो. हळूहळू निवळेल.

इकडचं सांगतो. ज्या देवळासाठी आम्हाला इथं आणलं त्याचं दगडकाम दिवाळीआधी संपलं. आमच्याबरोबरचे कारागीर परत गेले. माझ्या व्हिसाच्या कागदाला अजून वर्षभर मुदत आहे, म्हणून मी थांबलो. महिनाभर इथल्या मसाल्याच्या दुकानात पोती उचलली, मग कंटाळलो. तुला माझं माहीत आहे, एका जागी पाय टिकत नाही. दुकानात पुण्याचे मकरंद साहेब यायचे, घरं बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. ते म्हणाले, “माती खणायला येतोस का? पण हळू खणायची.” मी म्हणालो, “साहेब, माती खणण्यात हळू काय नि जोरात काय?” ते हसले. आता मला कळलं ते का हसले.

शहरापासून तासाभरावर समुद्रात घुसलेलं एक टेकाड आहे. तिथं घरं व्हायची आहेत. त्याआधी खाली काय आहे ते बघून लिहून घ्यायचं असा इथला कायदा. खाली आहे किल्ला. माओरी म्हणजे इथली मूळची माणसं, त्यांच्या बापजाद्यांचा. ते त्याला ‘पा’ म्हणतात. मी पहिल्या दिवशी बघून हसलोच. किल्ला म्हणे, आणि एक दगड नाही! बुरूज नाही, दरवाजा नाही. नुसता एक खंदक टेकाडाच्या मानेवर आडवा, आतल्या बाजूला त्याच मातीचा बांध, आणि बांधावर एके काळी लाकडी खांबांचं कुंपण. खांब कधीच कुजले. उरलेत ते मातीतले काळे गोल डाग. त्या डागांना इथं सोन्यासारखं जपतात.

आमच्यावर हेलन म्हणून बाई आहेत, पन्नाशीच्या. दिवसभर गुडघ्यावर बसून गवंड्याच्या थापीनं माती खरवडतात. इंग्रजी ऐकून बरंचसं समजतं, बोलायचं म्हणजे येस, नो आणि ‘स्वीट ॲज’, म्हणजे झकास. पण मातीचं बोलणं कळतं. त्या जमीन दाखवतात आणि मी सांगतो, ही मूळची, ही भरीची. पहिल्या आठवड्यात माझं एकदाही चुकलं नाही. बाई मकरंद साहेबांना म्हणाल्या, “हा कुठल्या कॉलेजात शिकला?” साहेब म्हणाले, “सांगोल्याच्या माळावर.”

खंदक खणताना बाईंनी मधे मातीची एक भिंत तशीच सोडायला लावली. तिच्या कापात थर दिसतात, कोणती माती आधी पडली, कोणती नंतर. मी म्हणालो, “ही तर साक्षी!” त्यांना कळेना. मग हातवारे करून सांगितलं. आमच्याकडं चौकडी, म्हणजे मापाचा चौकोनी खड्डा, खणताना मधे मातीचा एक खांब ठेवतात, डोक्यावरच्या गवतासकट. मूळ जमीन किती उंच होती त्याची ती साक्ष. साहेब येतो, खांबाच्या डोक्यापासून तळापर्यंत टेप लावतो. जेवढा खांब उंच, तेवढं काम खोल. बाईंना फार आवडलं. वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, “आणि कोणी खांबच वाढवला तर?”

मी म्हणालो, नो इंग्लिश.

तू पत्रात पुन्हा तेच विचारलंस. ‘त्या दिवशी पाझर तलावावर त्या चौकडीत तू आणि हे दोघंच होता. आबांनी सगळ्या टोळीसमोर साक्षीवर हात ठेवून शपथ घेतली की मी मुकादम आहे तोवर हिच्यात खोट नाही. ओव्हरसियरनं लाथ घातली आणि आतून हिरवं गवत निघालं. आबांची मुकादमी गेली, त्यांनी यांच्यावर बोट ठेवलं. तू बरोबर होतास ना? तू काहीच कसं बघितलं नाहीस?’

अक्का, सहा वर्षं झाली. ऊन फार होतं. मला नीट आठवत नाही.

सिद्धीसाठी इथल्या रबरी चपला पाठवतोय, इथं त्यांना जँडल म्हणतात. माप अंदाजानं घेतलंय.

तुझा लाडका,
पक्या


पापाटोएटो
रविवार, १९ फेब्रुवारी २००६

सौ. मंदाअक्कास नमस्कार.

तुझं उत्तर अजून यायचंय, तरी लिहितोय. रविवारी बरोबरची पोरं ट्रेननं शहरात जातात. मी इथं खोलीत असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातनं फोनचं कार्ड आणलं होतं. तुमच्या शेजारच्यांचा नंबर लावला. सिद्धीच आली धावत. “कोण बोलतंय?” म्हणाली. अक्का, काय गोड आवाज आहे गं. मी ठेवून दिला. तिला सांग, लाईन कटली होती.

कामावर एक घोळ झालाय. तो सांगतो, तुला करमणूक होईल.

मागच्या आठवड्यात गुरुवारी दहाच्या चहाला सगळे वर गेले होते. चहाच्या सुट्टीला इथं स्मोको म्हणतात, विडी कोणी ओढत नाही तरी. मी एक शेवटची गाडी रिकामी करून येतो म्हणालो. एकचाकी हातगाडी, फळीवरून नेतात. फळी दवानं ओली होती. गाडी घसरली ती थेट साक्षीवर. बाईंच्या त्या भिंतीचा बांधाकडचा माथा, हातभर लांब, टीचभर उंच, ढासळून खाली.

कोणाला हाक मारली असती तर झालं असतं. फार तर ओरडा बसला असता. पण माझं डोकं तसं चाललंच नाही. हात चालले. ढासळलेली माती गोळा केली. काळ्या मातीचा एक थर खाली घातला, त्यावर पिवळी. लाकडाचा तुकडा घेऊन प्रत्येक थर चोपला. कडा थापीनं कापून सरळ केल्या. या वेळी गवत आत राहू दिलं नाही, सगळं खुरपून टाकलं. पाव तासात काम झालं. लांबून बघितलं तर बघतच राहावं असं. मग हात धुऊन चहाला गेलो आणि दोन बिस्किटं खाल्ली.

‘या वेळी’ असं वर लिहून गेलो. राहू दे. खोडलं तर आणखी फिसकटेल.

सोमवारी बाई त्या तोंडाशी बसल्या. काप साफ केला, पुन्हा एकदा साफ केला. मग सगळ्यांना बोलावलं. बांधाच्या तळाशी एक काळी रेघ असतेच. ती मूळची जमीन, तिच्यावर खंदकाची माती टाकून बांध झाला. पण इथं वरही एक काळी रेघ दिसत होती. बाई म्हणाल्या, याचा अर्थ बांध एकदा झाला, वरती माती काळी पडायला किती तरी वर्षं गेली, आणि मग कोणी तरी येऊन तो पुन्हा वाढवला. किल्ला दोनदा बांधला.

तिथं रोज विरेमू म्हणून म्हातारे येऊन बसतात. त्या किल्ल्याच्या वंशातले. आपल्या आबांपेक्षा थोडे मोठे. घडीची खुर्ची, डोक्यावर लोकरीची टोपी, सकाळी ‘किया ओरा’ म्हणजे नमस्कार म्हणतात, सगळ्यांसाठी प्रार्थना म्हणतात, मग दिवसभर आमच्या चुका काढतात. मला ‘प्राकाश’ म्हणतात. परवा म्हणाले, “तू खातोस किती आणि खणतोस किती, याचा हिशेब हेलननं वहीत ठेवायला हवा.” मी खुर्चीकडं बोट करून खुणेनंच म्हणालो, “तुम्ही तर नुसते बसताच.” तर म्हणाले, “मी मालक आहे, बसणं हे माझं काम.”

बाईंनी त्यांना वरची रेघ दाखवली. म्हातारे खुर्चीतून उठले. त्यांच्या आजीनं त्यांना सांगितलं होतं म्हणे, की लढाईत इथली माणसं हाकलली गेली आणि पुढं त्यांची नातवंडं परत आली. कुठं लिहिलेलं नाही, नुसतं आजीच्या तोंडचं. म्हातारे हळूहळू खंदकात उतरले. मीच हात धरला. आणि त्यांनी त्या साक्षीच्या माथ्यावर, मी चोपलेल्या मातीवर, तळहात ठेवला. ओठ हलत होते. डोळ्यांत पाणी.

अक्का, तू त्या दिवशी तलावावर नव्हतीस. शपथ घेताना आबांचा हात कसा होता ते तू बघितलेलं नाहीस. बोटं पसरलेली, तळवा पूर्ण टेकलेला, पोरासोराच्या डोक्यावर ठेवतात तसा.

मी वर आलो आणि समुद्राकडं तोंड करून उभा राहिलो.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. या गुरुवारी बाईंनी वरचा थर उलगडायला घेतला. खालच्या थरावर चोपल्याचे ठसे निघाले. बाई त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग लाकडाचा एक तुकडा हातात घेऊन हवेत चोपून बघितलं, आधी उजव्या हातानं, मग डाव्या. आणि ओरडल्या, “विरेमू! तुमचा पूर्वज डावखुरा होता!”

म्हातारे टाळ्या वाजवत हसले. “माझी आजी डावरी होती! तिच्या हातचा मार मला माहीत आहे!”

सगळे हसले. मीही हसलो. माझा डावा हात खिशात होता, तो मी बाहेर काढला नाही. एका हातानं फावडं धरून संध्याकाळपर्यंत कसं काम केलं असेल, तूच विचार कर.

मी ज्या मातीला हात लावला ती माती बाईंनी बघितली आणि एका मिनिटात हात ओळखला. त्या मला जेमतेम महिनाभर ओळखतात. नीट ओळखतही नाहीत.

उद्या सोमवार. बघू.

आबा कसे आहेत ते कळव. मला विचारतात का? नको, ते नको कळवू.

पक्या


पापाटोएटो
रविवार, १२ मार्च २००६

मंदाअक्का,

तुझं पत्र परवा आलं. आल्यापासून कामाला गेलो नाही. तसं जायचं कामही राहिलेलं नाही, ते पुढं सांगतो. आधी तुझं.

तू लिहिलंस की दाजींनी ठरवलंय. पाडव्याला तुला आणि सिद्धीला घेऊन वाडीला जायचं, आबांच्या पायावर डोकं ठेवायचं आणि म्हणायचं, ‘होय, साक्षी मीच वाढवली, मला माफ करा.’ तू म्हणालीस, जे केलंच नाही ते कशाला कबूल करता? तर म्हणाले, ‘म्हाताऱ्याचे थोडे दिवस राहिलेत. माझ्या एका खोट्यानं तुला बापाचं तोंड बघायला मिळत असेल तर माझं काय जातंय?’

अक्का, त्यांना वाकू देऊ नकोस. हे पत्र पाडव्याच्या आत पोचावं म्हणून आजच पेटीत टाकणार आहे. पोचायला उशीर झाला तर काही तरी कारण काढून थांबव. सिद्धीला ताप आला म्हण.

साक्षी मी वाढवली.

ओळ लिहून झाली. आता बाकीचं सरळ लिहितो.

बाजाराचा दिवस होता, त्यात गावची यात्रा. यात्रेत मोटारसायकलवाला आला होता, लाकडी विहिरीच्या भिंतीवरून गाडी फिरवणारा. मला तो बघायचा होता. चौकडी अर्धा फूट कमी खणली गेली होती आणि साहेब दुसऱ्या दिवशी मापाला यायचा होता. दाजी सिद्धीच्या वेळच्या तुझ्या डोहाळ्यांसाठी चिंचा आणायला ओढ्याकडं गेले होते. मी बांधाच्या पलीकडून गवताची ढेपळं कापली, साक्षीच्या डोक्यावर बसवली, चिखलानं सांधलं, चोपलं. घाईत जुनं गवत खरवडायचं राहिलं. नव्या मातीखाली जुनं गवत तसंच हिरवं राहिलं. एका जमिनीला दोन गवतं नसतात, एवढं पोरालाही कळतं. मला वाटलं होतं, कोण फोडून बघतंय? आबांच्या साक्षीला आजवर कोणी बोट लावलेलं नव्हतं. सगळ्या जिल्ह्यात साहेब लोक म्हणायचे, विश्वनाथ मुकादमाची साक्षी म्हणजे टेप लावायचीसुद्धा गरज नाही. त्याच नावावर मी मोटारसायकल बघायला गेलो.

लाथ बसल्यावर दाजी तीनदा म्हणाले, मी नाही. ते बाहेरच्या टोळीतून आलेले जावई. त्यांचं कोण ऐकणार? त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी फावड्याची माती काढत होतो.

आता ते सांगतो जे मी स्वतःलाही कधी मोठ्यानं सांगितलं नाही. इतके दिवस वाटत होतं, तुला एवढंच कळलं तरी पुरे की मी केलं. पण दाजी वाकायला निघालेत, म्हणून हेही सांगायला लागतंय. तू रडशील. रड.

लाथेनं फुटलेलं एक ढेपूळ आबांच्या पायाशी पडलं होतं. आबांनी ते उचललं. उलटं केलं. चोपल्याच्या ठशांवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग वर बघितलं. दाजींकडं नाही, माझ्याकडं. फार वेळ नाही, एखादा घोट पाणी पिण्याइतका. मग ते ढेपूळ खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. आणि दाजींना म्हणाले, ‘रवींद्र, चालता हो.’

आख्ख्या टोळीत डावरा मी एकटा होतो, अक्का. तीस वर्षं मुकादमी केलेला माणूस. लांबून नुसता खोऱ्याचा आवाज ऐकून ‘कोण थकलाय’ ते सांगायचा. परक्या बाईला इथं जे मिनिटात कळलं, ते त्यांना कळलं नसेल?

त्यांना कळलं होतं. एकतर मुलगा जाणार होता, नाहीतर जावई. मुलीचं घर जावयाबरोबर जाणार, हेही कळलं होतं. त्यांनी निवडलं. एरवी मला शेजारच्या तालुक्यात कामाला सोडत नव्हते, आणि देवळाच्या कामाचा कागद आला तेव्हा न विचारता अंगठा उठवला. मी समजलो, बापाचं काळीज मोठं झालं. त्यांना मी समोर नको होतो. मी समोर असलो की ते ढेपूळ दिसत असणार.

म्हणून सांगतो, दाजींनी कबूल केलं तर आबा माफ करतील. खोटं माहीत असून माफ करतील, डोक्यावर हातसुद्धा ठेवतील. आणि तुम्ही दोघं त्या माफीचे आभार मानत घरी याल. ते मला बघवणार नाही, इथून सात समुद्रांपलीकडूनसुद्धा.

इकडं काय झालं ते आता थोडक्यात. त्या सोमवारी सकाळी, प्रार्थना व्हायच्या आत, मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. विरेमू खुर्ची उलगडत होते. इंग्रजी शब्द मकरंद साहेबांकडून आदल्या दिवशी फोनवर विचारून कागदावर मराठीत लिहून नेले होते. ते वाचले. ‘नॉट ओल्ड पीपल. मी. माय हँड.’ आणि डावा हात पुढं केला.

बाई पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, “मुळं उलटी दिसत होती. का ते मला कळत नव्हतं.” मग वही मिटली आणि गाडीकडं निघून गेल्या. आठवडाभराचे नकाशे होते त्यात.

विरेमू माझ्या हाताकडं बघत होते. म्हणाले, “म्हणजे मी चार दिवस तुझ्या कामाला प्रार्थना म्हणत होतो?”

मी मान हलवली. मला वाटलं हसतील. सुरुवात केलीही त्यांनी हसायला. मग थांबले. म्हणाले, “मी सगळ्या नातवंडांना फोन करून सांगितलं. एक तर ऑस्ट्रेलियात आहे. ती रडली फोनवर. आता परत एकेकाला फोन करायचा.”

मी म्हणालो, सॉरी.

“सॉरी मला म्हणतोस. तिला मी काय म्हणू?” आणि खिशातून फोन काढला. चष्मा लावला, आकडे दाबायला लागले. माझ्यासमोरच. मला जा म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत. मी उभा राहून सगळे फोन ऐकले. सात होते. त्यांच्या भाषेतलं एक अक्षर कळलं नाही, पण प्रत्येक वेळी समोरचं माणूस कुठं गप्प होतंय ते कळत होतं. सातवा झाल्यावर म्हणाले, “उशीर केलास. पण मी जिवंत असताना सांगितलंस. मेल्यावर सांगितलं असतंस तर हे फोन कोणी केले असते?”

मग कंपनीनं मला घरी पाठवलं. बाईंनी जाताना हात मिळवला नाही. बरोबर आहे त्यांचं.

मकरंद साहेब चांगला माणूस. म्हणाले, क्राइस्टचर्चला हॉर्नबीत एका कारखान्यात माल चढवायला माणसं हवीत, उद्या निघतोस का? आधीचा मी असतो तर आजच बसमध्ये असतो. पण तिकडं गेलो तर तुझं उत्तर इथं येऊन पडेल आणि मला सांगता येईल, मिळालंच नाही. म्हणून नाही म्हणालो. पत्ता हाच राहील. तू चार शिव्या लिही, नाहीतर नुसतं कोरं पाकीट पाठव, मी इथं असेन. आणि कागदाची मुदत संपली की परत येतोय. वाडीत कोणी उभं केलं नाही तरी सांगोल्याला उतरेन.

बरोबर वेगळा एक कागद घातलाय. त्यात फक्त मी काय केलं ते लिहिलंय, आबांचा शब्द नाही. तो शाळेच्या गुरुजींकडून टोळीसमोर वाचून घे. दाजींना शेजारी उभं कर. ते नको म्हणतील, त्यांचा स्वभाव तसाच आहे, तरी उभं कर. ज्या तोंडांनी सहा वर्षं त्यांना चोर म्हटलं, ती तोंडं त्यांना बघू देत.

आबांचं मात्र मी तुझ्यावर सोडलंय. त्यांना नीट बोलता येत नाही, पण ऐकू येतं. तू जाऊन हे सगळं त्यांच्या कानात सांगू शकतेस. न सांगता त्यांचे पाय चेपत बसू शकतेस. किंवा जाऊच नकोस, आणि त्यासाठी तुला कोणी बोल लावला तर माझं नाव सांग. मला विचारशील तर मलाही कळत नाही. ते आपले आबा आहेत. त्यांनी मला वाचवलं आणि त्यासाठी तुला मोडलं, आणि दोन्ही एकाच दमात केलं. मी यातलं एक घेऊन दुसरं सोडू शकत नाही. तू सोडू शकलीस तर मला कळव, कसं सोडायचं ते.

त्या वेगळ्या कागदावर सही पक्या म्हणून चालणार नाही, गुरुजी पूर्ण नाव विचारतील. लिहायला घेतलं आणि मधल्या नावाशी पेन थांबलं. मग लिहिलं. इथंही तसंच लिहितो, म्हणजे दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे कोणालाही कळेल.

प्रकाश विश्वनाथ धोत्रे